भालेकरांच्या बसचे पाटे

बस येताना दिसली तेव्हा आत्याबाई, म्हणजे माझी सासू, भात्यापाशी बसून तंबाखू मळत होती. तिने डोळ्यांवर हात धरला आणि म्हणाली, "येवढी मोठी मोटार, आन् चालतीय बघ कशी. गाभण म्हशीवानी."

खरंच तशीच चालत होती. जामखेडहून बीडकडे जाताना एका फाट्याजवळ आमचं पाल होतं. एक सायकलवाला त्या बसला मागे टाकून पुढे गेला आणि वळून वळून बघत राहिला. बस जुनी, लिलावात निघालेली असावी. पण रंग नवा दिलेला, निळा. खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. छपरावर पाण्याची काळी टाकी. प्रत्येक खड्ड्यापाशी ती थांबायची, एक चाक खाली सोडायची, दम घ्यायची, मग दुसरं सोडायची. एवढं करूनही खड्ड्यातून वर आली की सगळं अंग दणदणायचं.

"लग्नाची हाय का काय?" मालक म्हणाले.

माझ्या नवऱ्याला मी मालक म्हणते. नाव घ्यायची आमच्यात रीत नव्हती, आणि आता या वयात ती मोडायची हौसही नाही. आम्ही घिसाडी. घरातली आमची बोली वेगळी आहे, पण इथं सगळ्यांना कळेल असं लिहिते. तापलेलं लोखंड मालक सांडशीने ऐरणीवर धरायचे आणि घण मी मारायची. आमच्यात घण बाईच्याच हातात असतो. आधी आम्ही विळे, खुरपी, कुऱ्हाडी करत गावोगाव फिरायचो. मग कारखाने झाले, उसाच्या ट्रका आल्या, आणि मालक मोटारीच्या पाट्यांचं काम शिकले. पाटे म्हणजे चाकाच्या वर एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या, कमानीसारख्या वाकवलेल्या. गाडीचा सगळा भार त्या झेलतात. भार फार झाला की त्या बसतात, सपाट होतात. मग त्या सोडवायच्या, तापवायच्या, ठोकून पुन्हा कमान द्यायची. ट्रकवाले उतरले की एकच सांगायचे, "मिस्त्री, एक पाटा जास्त चढवा." कमी करा असं कुणी कधी म्हटलं नव्हतं.

बस आमच्यासमोर थांबली. खाकी शर्ट घातलेला एक उंच माणूस उतरला. मिश्या पांढऱ्या, पण कमरेत ताठ.

"पाट्याचं काम करता ना?"

"करतो की," मालक म्हणाले. "किती टन भरता?"

"टन?" तो हसला. "एकच माणूस भरतो. माझी बायको."

मालकांना काही कळलं नाही. मलाही नाही. तो माणूस म्हणाला, "या, आत येऊन बघा. वहिनी, तुम्हीपण या. घर आहे."

घरच होतं. बाकडी सगळी काढून टाकलेली. खिडकीच्या अंगाला लाकडी कपाट, त्यात डबे, ताटं, कपडे. स्टो ठेवायला कट्टा. मागच्या कोपऱ्यात मोरी. देवाचा कोनाडासुद्धा होता, आणि देव पडू नयेत म्हणून त्यांना तारेनं बांधलं होतं. त्याच अंगाला खिडकीखाली पलंग, आणि पलंगावर एक बारीक अंगाची बाई उशांना टेकून बसलेली. कपाळावर ठसठशीत कुंकू.

"पायरी उंच आहे, जपून चढा," ती मला म्हणाली. जशी मीच आजारी.

ती मालनताई. तो माणूस करमाळ्याचा भालेकर. उभी नोकरी त्याने बस चालवली होती.

"समोर पाटी वाचली का?" त्याने मला विचारलं. मला तेव्हा वाचता येत नव्हतं. तोच म्हणाला, "'मालन स्पेशल' लिहिलंय. पेंटरनं फुकटात फूलपण काढून दिलं."

मालनताई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "सगळ्या करमाळ्यानं वाचलं ते. मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाही."

बाहेर येऊन भालेकरांनी मालकांना बाजूला घेतलं, पण त्यांना हळू बोलायची सवय नव्हती. मला सगळं ऐकू आलं.

"हाडं ठिसूळ झालीत तिची. दिवाळीत नुसत्या खोकल्यानं बरगडी मोडली. डॉक्टर म्हणाले, जपा. आता ऐका. वेरूळ, लोणार, माहूर, तिकडं कोकणात समुद्र, हे सगळं मी किती लोकांना दाखवून आणलं असेल. हिला एकदा नेलं नाही. रजा मिळाली की घराचं छप्पर शाकारायचं, नाहीतर झोपायचं. म्हटलं, रिटायर झालो की नेईन. झालो, तर ही अशी. मग म्हटलं, तिला बसमधून नेता येत नाही ना, घरच चाकावर घालू. वर्षभर खपलो. आणि आता गाडी एवढी आदळते की प्रत्येक खड्ड्याला ती पडदा घट्ट धरते आणि म्हणते, काही नाही, काही नाही." त्यांनी खाकी बाहीनं घाम पुसला. "मला गाडी मऊ करून द्या. नाही जमलं तर इथूनच माघारी फिरतो. गाडी भंगारात. तिच्या हाडांशी खेळ नको."

"जमंल की," मालक म्हणाले. "पाटे बसलेत. कमान चढवू, वर एक पाटा देऊ. कशी राहील बघा, घोड्यावानी."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आम्ही तेच केलं. मालनताईंना भालेकरांनी दोन्ही हातांवर उचलून लिंबाखाली आमच्या बाजेवर आणून ठेवलं. जॅक लावून मागचे पाटे उतरवले, भट्टीत घातले. मालक सांडशी धरायचे, मी घण घालायची. मालनताई टक लावून बघत होत्या.

"अगं, तुझे हात दुखत नाहीत?"

"दुखतात की. पण दुखले म्हणून घण हलका होतो का, ताई?"

"हिचा बाप म्हणायचा," आत्याबाई मध्येच बोलली, "माझी पोरगी घण उचलती तवा देव बाजूला सरकतो. मी म्हनलं, देव सरकतो, पन भाकरी करपती."

मालनताई हसल्या आणि लगेच बरगडी धरून गप्प झाल्या. भालेकर धावत आले. "काय झालं?" "काही नाही, हसले." "हसू नकोस ना मग," ते म्हणाले, आणि मग स्वतःच काय बोललो ते कळून ओशाळले.

दुपारपर्यंत पाटे चढले. बस वीतभर उंच दिसू लागली. आता चालवून बघायची होती. "पण हिला घालून नको," भालेकर म्हणाले. "दुसरं कोणीतरी पलंगावर झोपा. बसून कळत नाही, झोपूनच कळतं."

"ही झोपंल," मालक म्हणाले.

मी झोपले. कापसाच्या गादीवर मी त्याआधी कधी पाठ टेकली नव्हती. पाठीला एकदम गार आणि खोल वाटलं, विहिरीत उतरल्यासारखं. मग गाडी निघाली, आणि पहिल्याच खड्ड्याला त्या गादीनं मला वर फेकलं. खाली येते तोवर दुसरा. दात दातावर आपटले. वर काहीतरी गडगडत होतं, कपाटातली भांडी ओरडत होती, देव तारेत थरथरत होते. माझं अंग घण मारून लोखंड झालेलं, पण त्या पलंगावर मला माझी सगळी हाडं वेगवेगळी मोजता आली असती. इतकी वर्षं मी पाटे ठोकत होते. पण त्या पाट्यांवर आडवं पडलेल्या माणसाचं काय होतं, ते मला त्या दिवशी कळलं.

उतरले तेव्हा सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"घोड्यावानी हाय," मी म्हणाले. "लाथा घालतीय."

मालकांचा चेहरा पडला. "पन पाटे तर पहिल्यापेक्षा मजबूत झालेत."

आत्याबाईनं तंबाखू थुंकली आणि लेकाला म्हणाली, "आरं भान्या, रिकामं गाडं जास्तच आदळतं. उलट्या वाटंनं भरलं गाडं येतं तवा त्यात पोरं झोपत्यात. रिकामं जाताना बैलबी दचकत्यात."

भालेकरांनी कपाळावर जोरात हात मारून घेतला. "अहो, मीच गाढव! शेवटची फेरी करून रिकामी बस डेपोत न्यायचो, तेव्हा अशीच उडायची. पन्नास माणसांसाठीची कमान ही. आणि मी भरलंय काय, तर मालन आणि चार डबे!"

"म्हंजे काय, पाटे काढायचे?" मालकांनी असं विचारलं जसं काही त्यांना कुणी ऐरण विकायला सांगितली.

"काढायचे."

"न्हाई बा. लोक काय म्हणतील? घिसाड्यानं चांगली गाडी अधू केली म्हणतील."

"मिस्त्री, लोक पलंगावर झोपणार नाहीत."

संध्याकाळपर्यंत मालक धुसफुसत राहिले. त्यांच्या बापानं त्यांना लोखंड वाढवायला शिकवलं होतं, कमी करायला नाही. पण सकाळी उठून त्यांनी मुकाट्याने जॅक लावला. जाड जाड पाटे एकेक उतरवले. ते जमिनीवर ओळीने ठेवले तेव्हा मेलेल्या जनावराच्या बरगड्यांसारखे दिसत होते. जे ठेवायचे त्यांची चढवलेली कमान आम्ही परत उतरवली, एकमेकांवर सहज सरकावेत म्हणून मधे ग्रीस भरलं, चाकांतली हवाही थोडी सोडली. आदल्या दिवशी घण मारून जे केलं, तेच घण मारून मोडलं. मालक फक्त एकदा म्हणाले, "हे कुनाला सांगू नगंस."

या खेपेला मालनताई ऐकेनात. "मी येणार. ही झोपणार आणि मी बाजेवर बसून तुमची धूळ खाणार होय? माझं घर आहे ते."

भालेकरांना त्यांच्यापुढे फार बोलता येत नसे. मालनताईंना पलंगावर निजवलं. मी खाली बसून पलंगाची कड धरली. पुढे भालेकर आणि मालक. मध्ये लाकडी फळ्यांची भिंत, आणि इंजिनाचा आवाज असा की आमचं बोलणं तिकडं जाणं शक्य नव्हतं.

गाडी निघाली. पहिला खड्डा आला आणि मी अंग आवळून घेतलं. काही झालं नाही. गाडी नुसती खाली बसली आणि वर आली, बाळंतिणीनं पाळण्याची दोरी ओढावी तशी. मला इतका आनंद झाला की मी मालनताईंचा हात धरला.

"ताई, जमलं!"

तेवढ्यात वळण आलं. गाडी एका अंगाला कलली, कलतच गेली, आणि मग दुसऱ्या अंगाला. कपाट कुरकुरलं. डोक्यावर छपरातून मोठा आवाज आला, पाणी एकीकडून दुसरीकडे धावल्याचा. मालनताईंनी डोळे मिटून घेतले. कपाळावर घाम आला होता.

"गरगरतंय का?"

"हं." मग त्यांनी डोळे उघडले. "अशीच राहू दे."

"अशी कशी राहू दे? डोलतीय केवढी."

"डोलू दे. तुझं नाव केसर ना? हे बघ केसर, खाली उतरलीस की सांग, नाही जमत. आदळणं काढलं तर डोलते, डोलणं काढलं तर आदळते. यापुढं होत नाही म्हणून सांग."

मला वाटलं, दुखण्यानं बोलताहेत. "असं काय करता? त्यांनी वर्षभर—"

"तेच तर." त्या छपराकडे बघत होत्या. "वर्षभर तो माणूस अंगणात करवत चालवत होता. मी खिडकीतून बघायची. वाटायचं, आता आत येईल, बसेल. तर कानाला पेन्सिल लावून विचारायचा, मालन, कपाट किती उंच हवं? सांगायची. काय करणार? तोंड बघितलंस ना त्याचं? त्या तोंडाला नाही कसं म्हणायचं? तू म्हण. तुझं काय जातं?"

बस परत पालाकडे वळली होती. वर पाणी पुन्हा एकदा इकडून तिकडे गेलं, आणि त्याच्या मागून गाडी गेली. ते मला पाठीत कळलं. आधी पाणी जात होतं, मग गाडी. ती छपरावरची टाकीच गाडीला ओढत होती. डोक्यावर घागर घेऊन नाचायला लावल्यावर माणूस जसा झोकांड्या खाईल, तशी. टाकी खाली घेतली, आणि ते एका अंगाचं कपाट पलंगाच्या समोरच्या बाजूला हलवलं, तर गाडी ताठ चालेल. मला ते उन्हासारखं स्वच्छ दिसलं. आणि पुढे बसलेल्या दोघांना टाकीचा आवाज येत नव्हता.

गाडी थांबली. भालेकर खाली उडी मारूनच आले. "काय? सांगा. आदळली नाही ना?"

"आदळली नाही," मी म्हणाले.

"पण डोलली," ते स्वतःच म्हणाले. त्यांच्या हाताला स्टिअरिंगवर कळलंच होतं. "वळणावर धरून ठेवावी लागते. हिला उलटी झाली का?"

"नाही."

"खरं सांगा, वहिनी. आणखी काही होण्यासारखं आहे का, की एवढंच? तुम्ही आत होता."

मालनताई खिडकीत होत्या. पडदा थोडा बाजूला केलेला. मला त्यांचे डोळे दिसत होते.

'होत नाही' एवढं म्हटलं असतं की झालं होतं. गाडी माघारी गेली असती. पण मी भालेकरांकडे बघितलं. ते चाकाकडे बघत होते, आणि त्यांच्या डोक्यात हातोडा चालू झाला होता. मला माझ्या घरचा माणूस ठाऊक होता. लोखंडात गुंतलेला पुरुष कसा असतो ते मी रोज बघत होते.

"टाकी खाली घ्या," मी म्हणाले.

पडदा सरकला.

ते दोघं जे पळाले ते विचारू नका. मालक तर टाकीवर चढून बसले आणि वरून ओरडले, "आरं, खरंच की, हितनं ढकललं तरी गाडी हालतीय!" त्यांनी टाकी दोरानं खाली सोडली, दोन चाकांच्या मधोमध गाडीच्या पोटाखाली तिला लोखंडी पट्ट्यांचा पाळणा करायचं ठरवलं. काढून ठेवलेले पाटे त्यालाच कामी आले. लोखंड वाया गेलं नाही म्हणून मालकांचा रुसवाही गेला.

मी मालनताईंना चहा नेऊन दिला. त्यांनी कप घेतला, पण माझ्याकडे बघितलं नाही.

"मी तुला काय सांगितलं होतं?"

"ताई, मोटार बिघडली म्हणून माघारी गेलात, तर ते घरी जाऊन काय करतील?"

"काय करतील?"

"अंगणात बसून मोटार दुरुस्त करत बसतील. मरेपर्यंत."

त्या चहा प्यायच्या थांबल्या. हसू आलं असावं, पण बरगडीच्या भीतीनं ते त्यांनी ओठातच धरलं.

"मग काय करू मी?"

"ते मला काय ठाऊक? मी घण मारणारी बाई. माझ्या तोंडानं नाही म्हणवून घेऊ नका, एवढंच."

"तुला सोपं आहे बोलायला."

"सोपं नाही," मी म्हणाले. "मीपण कधी बोलले नाही." आणि कप घेऊन खाली उतरले, कारण मालक हाका मारत होते, लोखंड लाल झालं होतं.

पाळणा करताना मी जितके घाव घातले तितके उगाच घातले. दोन घावांत होणारं काम पाच घावांत केलं. मालक म्हणाले, "बास की! पत्रा करती का काय त्याचा?"

चौथ्या दिवशी ऊन चढल्यावर शेवटचं निघालो. कपाट हलवलेलं, टाकी पोटाखाली. मालनताई पलंगावर, मी खाली. यावेळी भालेकरांनी गाडी लांब नेली. खड्डे आले आणि गेले. वळणं आली. उसानं भरलेला ट्रक समोरून गेला तेव्हा भालेकरांना एक चाक रस्त्याखाली घालावं लागलं, तेही गेलं. गाडी जनावरासारखी पाय रोवून चालत होती. मालनताईंनी पडदा धरला नाही. त्यांचे हात पोटावर होते. बाहेर ज्वारी कणसाला आली होती, ती खिडकीतून सरकत होती, आणि एकदा मला वाटलं, त्यांना झोप लागतेय.

परत येऊन आमच्या पालाजवळ, जिथं रस्ता फुटतो तिथं, भालेकरांनी गाडी बाजूला घेतली आणि फळ्यांच्या मधलं दार उघडून आत आले. मागे मालक. भालेकरांचं तोंड लहान मुलासारखं झालं होतं.

"बोल, मालन! आता आधी वेरूळ का लोणार? तू म्हणशील तिकडं. मी हुकमाचा ड्रायव्हर."

मला वाटलं, मालनताई आता बोलणार नाहीत. मी जमिनीकडे बघत बसले. माझ्या तोंडात शब्द आले होते, पण मी ते गिळले. ते माझे नव्हते.

"घरी," मालनताई म्हणाल्या.

"घरी तर जायचंच की, शेवटी."

"शेवटी नाही. आता."

भालेकर हसले, मग थांबले. "कुठं लागलं का? दुखतंय?"

"काही दुखत नाही. कालपर्यंत दुखत होतं, तेव्हा वाटलं होतं, त्या दुखण्याच्या नावावर घालीन. या लोकांनी ते पण ठेवलं नाही." त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण रागानं नाही. "आता मलाच बोलावं लागतंय. मला कुठं जायचं नाही हो."

"अगं, पण जन्मभर तू घरातच. मी सगळ्यांना सगळं दाखवलं आणि तुला—"

"तुम्हाला काय वाटतं, मी वेरूळची वाट बघत होते? मी तुमची बघत होते. मुक्कामाची गाडी असली की दाराला कडी घालायची, आणि उद्या कुठल्या वेळेला याल ते बघायचं. आलात की झोपायचात. उठलात की ड्यूटी. आता मोकळे झालात, तर घरच रस्त्यावर आणलंत." त्यांना धाप लागली होती. "मला समुद्र नको. मला तुम्ही ओट्यावर बसलेले बघायचंय. रिकामे. पेपर वाचताना, शेजाऱ्याशी भांडताना. ते मी अजून बघितलेलं नाही."

भालेकर मग मागच्या दारानं खाली उतरले. आम्हाला खिडकीतून दिसत होतं. त्यांनी गाडीला एक फेरी मारली. चाकाला पाय लावून बघितलं. वाकून टाकी बघितली, पाळण्यावरून हात फिरवला. आणखी एक फेरी मारली. मालक माझ्या कानात म्हणाले, "आता काय गं?" मी म्हणाले, "गप बसा."

भालेकर वर आले. दारातच उभे राहून म्हणाले, "मग ही गाडी मी कशाला बनवली?"

"मला घरी न्यायला," मालनताई म्हणाल्या. "येताना मी इथवर कशी आले ते मला ठाऊक. जाताना झोपून जाईन."

"आधी का नाही सांगितलंस?"

"विचारलंत कधी? कुठं जायचं ते विचारलंत. जायचं का, ते नाही."

पलंगाजवळ येऊन भालेकरांनी मालनताईंच्या पाठीमागची उशी सारखी केली, खाली घसरलेली चादर पायांवर ओढली. मग मालकांना म्हणाले, "मिस्त्री, जरा खाली उतरून गाड्या अडवा. मला वळवायची आहे."

एवढी लांब बस वळवायची म्हणजे सोपं नव्हतं. मालक एका बाजूला हात पसरून उभे, मी दुसऱ्या बाजूला पदर हलवत. उसाच्या ट्रॉलीवाला ओरडला, "काय तमाशा लावलाय?" मालक ओरडले, "थांब जरा, घर वळतंय!" पुढे, मागे, पुन्हा पुढे करत बस वळली. आमच्या बाजूनं जाताना मालनताईंनी खिडकीतून हात बाहेर काढला. हलवला नाही, नुसता बाहेर धरला, पाऊस आहे का बघतात तसा. भालेकरांनी भोंगा वाजवला. मग बस जामखेडच्या दिशेनं गेली, चांगल्या वेगानं गेली.

त्यांची पुन्हा गाठ पडली नाही. करमाळ्याचा कुणी भेटला की मी विचारायची. एकानं सांगितलं, निळी बस भालेकरांच्या अंगणात उभी असते आणि म्हातारा ओट्यावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवून गप्पा मारतो, लोकांना नको करतो. ऐकून मी दिवसभर खुशीत होते.

पण मला सांगायचंय ते त्यानंतरचं. हंगाम संपला. पाल उतरवलं, ऐरण, भाता, भांडी सगळं आमच्या बैलगाडीत भरलं. आत्याबाईला गोधड्यांवर बसवलं. मालक बैलांना जू लावत होते. असं आम्ही किती वेळा निघालो असू, त्याची गणती नाही. मी गाडीच्या मागे उभी होते.

"चल की," मालक म्हणाले.

"थांबा."

"काय ऱ्हायलं?"

"इचारलं न्हाई तुम्ही."

"काय इचारायचं?"

"निघायचं का, ते."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू ऐरण बोलली. मग इकडे तिकडे बघितलं, कुणी ऐकत नाही ना म्हणून. "आन् तू न्हाई म्हणालीस तर?"

"तर मग बघू."

कासरा हातात घेऊन त्यांनी घसा साफ केला. "निघायचं का?" असं बैलाकडे बघत म्हणाले.

मी त्या जागेकडे बघितलं. भट्टीची काळी जागा, कोळशाचा चुरा, चुलीचे तीन दगड. पुढच्या गावात माझी धाकटी बहीण दिलेली होती, आणि तिला बघून वर्ष झालं होतं.

"निघू या," मी म्हणाले.

"मग येवढा येळ कशाला खाल्ला?"

मी उत्तर द्यायच्या आत गाडीतून आवाज आला. "आन् मला कोन इचारनार?"

मालकांनी कासरा सोडला. गाडीच्या मागे येऊन कोपरापासून हात जोडले. "आये, निघायचं का?"

"इचार करून सांगते," आत्याबाई म्हणाली, आणि गोधडीत पाय लांब करून तिने डोळे मिटले. ऊन डोक्यावर येईपर्यंत आम्ही दोघं बैल जुंपून उभे होतो.